पाण्याच्या ताळेबंदाचा कोड: आतला कोणता, बाहेरचा कोणता?

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प (पोकरा),
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमधील अंतर्गत पॅकेजेसचा बाहेरून होणारा वापर

महोदय,

विषयाची ओळ वाचून हे पत्र आपल्या टेबलावरून सरळ संगणक कक्षाकडे सरकवले जाईल, अशी धास्ती आहे. कृपया सरकवू नका. गावाच्या पाण्याच्या तुटीचा आकडा कोणी, कोणत्या भरवशावर वापरायचा, हा या पत्राचा खरा विषय आहे, आणि तो प्रोग्रामरच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी आपल्या कार्यालयात, निविदेच्या मसुद्यात ठरतो.

मी वाशिम जिल्ह्यातला, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. आमचा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा इथून निघून उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे पुढे तापीकडे जाते. रिसोडच्या बाजूची पैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. पाऊस पडतो, पण मुक्कामाला राहत नाही. एकाच गावात वरच्या अंगाला मुरमाड बरड आणि ओढ्याकाठी खोल काळी जमीन, त्यामुळे एकाच हंगामात वरचे सोयाबीन वाळते आणि खालचे पाणी साचून पिवळे पडते. अशा मुलखात तालुक्याच्या सरासरी पावसावर केलेले नियोजन गावाच्या वेशीवरच कोलमडते.

म्हणून २०१८ च्या फेब्रुवारीत जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि पोकरा सुरू झाला, तेव्हा शेततळी, ठिबक, शेडनेट यांच्या गर्दीत मला एकच गोष्ट खरी नवी वाटली: गावाचा पाण्याचा ताळेबंद. आयआयटी मुंबईच्या गटाने त्याचे गणित बांधले. महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्यातल्या, आपल्या महसूल मंडळातल्या केंद्रावरचा रोजचा पाऊस घ्यायचा, नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राचे माती आणि भूवापराचे नकाशे घ्यायचे, वावरात कोणते पीक आहे ते पाहायचे, आणि मग दिवसागणिक हिशेब: किती वाहून गेले, किती मातीत राहिले, पिकाने किती उचलले, किती खाली झिरपले, किती कमी पडले. हे गणित क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरच्या प्लगइनच्या रूपातही उभे राहिले. ग्राम कृषी संजीवनी समितीपुढे सूक्ष्म नियोजनात जो ताळेबंद मांडला जातो, त्याच्या मागे हे सगळे आहे.

आता माझा मुद्दा. असे गणित शेकडो लहान फंक्शनांचे बनलेले असते, आणि ती फंक्शने गठ्ठ्यागठ्ठ्यांनी पॅकेजेसमध्ये बांधलेली असतात. त्यातली दोन-चार जगाला दाखवायची असतात: हा गट क्रमांक, हे पीक, हे वर्ष, सांगा तूट किती. बाकीची सगळी मधल्या पायऱ्या असतात. नकाशाच्या तक्त्यातला स्तंभ वाचणे, मातीच्या प्रकाराला अपधावेचा क्रमांक लावणे, काल संध्याकाळचा ओलावा आज सकाळच्या खात्यात ओढणे. पायथॉनमध्ये लिहिलेला कोड हाताशी आला, की यातले कुठलेही फंक्शन उचलून आपल्या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करता येते. भाषा अडवत नाही. नावाच्या सुरुवातीला एक अधोरेखा काढली की ते आतले समजावे, असा पायथॉनवाल्यांचा संकेत आहे, पण तो संकेतच. पाळला तर पाळला.

समजा, मानोरा तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कोणा होतकरू मुलाने मोबाइलवर सल्ला देणारे ॲप बांधले. त्याला अंतिम तुटीचा आकडा नको, आजचा ओलावा हवा आहे. सार्वजनिक फंक्शन ओलावा देत नाही. मुलगा कोड वाचतो, मधल्या पायरीत ओलावा सापडतो, तो सरळ तिथून घेतो. खरिपाच्या एका हंगामात सगळे नीट चालते. पुढच्या वर्षी मूळ गट गणित सुधारतो: आधी ते फंक्शन मातीच्या पूर्ण खोलीचा ओलावा देत होते, आता फक्त मुळांच्या थराचा देते. मूळ गटाने काहीच चूक केलेली नाही. आपल्या घरातली मांडणी बदलली, अंतिम उत्तर अधिक बरोबर येते आहे. मुलाचे ॲप मात्र बंदही पडत नाही. बंद पडले असते तर बरे झाले असते, कोणीतरी फोन केला असता. आकडा येतच राहतो, दिसायला तसाच, फक्त त्याचा अर्थ बदललेला असतो. त्या आकड्यावर कोणी फुलोऱ्यातल्या तुरीला एक संरक्षित पाणी देतो किंवा देत नाही.

गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने एक नियम आमच्या धंद्यात सांगितला जातो. वापरणारे पुरेसे वाढले, की तुम्ही कागदावर काय कबूल केले होते याला अर्थ उरत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरचे जे जे वागणे डोळ्यांना दिसते, त्यावर कोणी ना कोणी विसंबलेले असतेच. दुसऱ्या टप्प्यात प्रकल्प २१ जिल्ह्यांत आणि सात हजारांहून अधिक गावांत जातो आहे. वापरणारे पुरेसे वाढण्याची वेळ तीच.

महसूल खात्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती, असे मला वाटते. तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावात अजून तलाठीच) दप्तरात एकवीस गाव नमुने असतात. त्यांतले बहुतेक कास्तकाराला जन्मात पाहावे लागत नाहीत. बँकेत पीककर्जाला जाताना तो सातबारा आणि आठ-अ घेऊन जातो. बँक तलाठ्याच्या टेबलावरच्या कच्च्या टाचणावर कर्ज देत नाही, आणि तलाठ्यानेही आपली टाचणे कशी ठेवावीत हे बँकेला विचारून ठरवावे लागत नाही. सातबाऱ्याचा नमुना मात्र तो परस्पर बदलू शकत नाही. २०२० साली तो बदलला तेव्हा शासनाने तसे जाहीर केले, कारण त्या कागदावर बँका, न्यायालये, विमा कंपन्या सगळे टेकलेले आहेत. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सातबारा कोणता आणि टाचण कोणते, एवढेच लिहून द्या, ही माझी मागणी.

लिहून देणे हा पहिला भाग. दुसरा भाग यंत्राने ते पाळायला लावणे. याच्या पद्धती जगात रुळलेल्या आहेत, आणि त्यांचा इतिहास आपल्याला उपयोगी पडेल असा आहे.

गो या भाषेने सर्वांत सोपी वाट काढली. एखाद्या फोल्डरचे नाव 'इंटर्नल' ठेवले, की त्या फोल्डरच्या वरच्या पालक फोल्डरखाली असलेला कोडच तो इम्पोर्ट करू शकतो. बाहेरच्या कोणी केला तर प्रोग्राम तयारच होत नाही. डिसेंबर २०१४ च्या १.४ आवृत्तीत ही सोय गोच्या स्वतःच्या कोडपुरती होती, १.५ पासून सर्वांना मिळाली. ना वेगळी यादी, ना परवानगीचा अर्ज. नाव हेच कुलूप.

जावा या भाषेची गोष्ट लांबलेली आहे आणि तीच मला अधिक शिकवून गेली. जावाच्या पोटात 'अनसेफ' नावाचा एक वर्ग होता. नावातच इशारा. तरीही वेग हवा असणाऱ्या शेकडो लायब्ररींनी तो वापरला, कारण जे काम त्यातून होत होते ते करायला अधिकृत वाट नव्हती. सप्टेंबर २०१७ मध्ये नवव्या आवृत्तीत मॉड्यूल आली तेव्हा जावाच्या लोकांनी आतली बहुतेक पॅकेजेस झाकायचे ठरवले. पण दोन गोष्टी त्यांनी शहाणपणाने केल्या. ज्या अंतर्गत सोयींना पर्याय नव्हता त्या पर्याय येईपर्यंत उघड्या ठेवल्या. आणि बाकीच्यांसाठी आधी नुसती ताकीद दिली, मग मार्च २०२१ च्या सोळाव्या आवृत्तीत नकार हा नेहमीचा नियम केला, आणि त्याच सप्टेंबरात सतराव्या आवृत्तीत सरसकट पळवाट बंद केली. चार वर्षे लागली. 'अनसेफ'मधल्या, संगणकाच्या स्मृतीला थेट हात घालणाऱ्या सोयी तर २०२४ मध्ये, अधिकृत पर्याय उभे राहिल्यावर, निरोपाच्या यादीत गेल्या.

गोमध्येही पुढे एक पळवाट सापडलीच. 'लिंकनेम' नावाच्या सूचनेने लोक कुलपाला वळसा घालून थेट आतल्या फंक्शनांना हात घालत होते. ऑगस्ट २०२४ च्या १.२३ आवृत्तीत ती वाट बंद झाली, पण जे आधीच आत शिरले होते त्यांना रस्त्यावर काढले नाही. मुक्त कोडचा मोठा साठा धुंडाळून कोण काय वापरतो ते शोधले, ती फंक्शने चालू ठेवली, आणि प्रत्येकाच्या वर टिपणात वापरणाऱ्यांची नावे 'लाजेच्या दालनात' टांगली. थोडा खट्याळपणा आहे, पण त्यात एक व्यवहार आहे: जुन्यांची मोजदाद, नव्यांना मज्जाव.

आपल्याकडची उदाहरणेही आहेत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर आज अनेक कारखाने आणि व्यापारी वापरतात. त्याच्या फ्रेमवर्कचा नियम असा की, पायथॉनचे फंक्शन इंटरनेटवरून हाक मारण्याजोगे व्हायचे असेल तर त्याच्या डोक्यावर 'व्हाइटलिस्ट'चा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर बाहेरच्याची हाक आत पोचत नाही. मूळ कोड न फोडता वागणूक बदलायला 'हुक्स'ची अधिकृत सोय दिलेली आहे. तरी त्याच सर्व्हरवर स्वतःचे ॲप लिहिणाऱ्याला मूळ पॅकेजमधले काहीही इम्पोर्ट करता येते, कारण पायथॉन ते पायथॉन. २०२२ मध्ये चौदाव्या आवृत्तीत कर्मचारी आणि पगाराचा भाग मूळ ईआरपीनेक्स्टमधून काढून स्वतंत्र ॲप केला गेला. आता समजा रिसोडच्या एखाद्या डाळ मिलने हमालीच्या हिशेबासाठी जुन्या जागेवरून पगाराची फंक्शने इम्पोर्ट केली असतील, तर अपडेटनंतर ती जागाच रिकामी. हुक्सवर बसलेल्याचे काम तुलनेने सोपे, आत हात घातलेल्याला पुन्हा लिहिणे भाग. 'कोअरला हात लावू नका' हे वाक्य त्या धंद्यातला प्रत्येक मुलगा पहिल्या आठवड्यात ऐकतो आणि तिसऱ्या महिन्यात मोडतो. मोडतो, कारण गिऱ्हाईक समोर बसलेले असते.

आणि पोकराचे प्लगइन स्वतः तरी कोणाच्या अंगणात उभे होते? क्यूजीआयएसच्या. ज्या फेब्रुवारी २०१८ मध्ये जागतिक बँकेने आपले कर्ज मंजूर केले, त्याच महिन्यात क्यूजीआयएसची ३.० आवृत्ती आली आणि जुन्या प्लगइनांची दाणादाण उडाली. पायथॉन २ गेला, ३ आला. विश्लेषणाचे काम चालवणाऱ्या 'प्रोसेसिंग' भागातली रोजच्या वापरातली फंक्शनेही बदलली. पण तो बदल जाहीर होता, मोठ्या आवृत्तीच्या वेळी होता, कसा करायचा याची कागदपत्रे होती. शिवाय क्यूजीआयएसच्या सी प्लस प्लस कोडमध्ये काही फाइली अशा आहेत की त्यांच्या माथ्यावरच स्पष्ट लिहिलेले असते: हा भाग सार्वजनिक नाही, कधीही बदलू शकेल किंवा काढून टाकला जाऊ शकेल. म्हणजे फुकट मिळणारे, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेले सॉफ्टवेअर आपल्या पाहुण्यांना एवढे सांगते. शासनाच्या पैशाने बनणाऱ्या सॉफ्टवेअरने का सांगू नये?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याच मित्रांकडून येईल. जनतेच्या पैशाचा कोड, मग त्यात आतले-बाहेरचे कसले? सगळे उघडे ठेवा. माझेही मत कोड उघडाच ठेवावा असे आहे. कोणीही वाचावा, चुका काढाव्यात, हवा तर प्रत करून स्वतःचा वेगळा संसार थाटावा; त्या प्रतीचे ओझे मग त्याचे. अडवायचे आहे ते इतकेच, की मूळ पॅकेजच्या पोटातल्या फंक्शनवर आपले ॲप टेकवून, ते पुढच्या वर्षीही तसेच राहील अशी अपेक्षा करणे.

महोदय, मला उलटी भीती जास्त आहे. 'अंतर्गत' हा शिक्का सरकारी टेबलावर आला की त्याचा 'गोपनीय' व्हायला वेळ लागत नाही. उद्या कोणी या पत्राच्या आधारे सगळा कोडच कपाटात बंद केला, तर माझ्यासारखा करंटा मीच. आणि वाट न देता नुसती बंदी घातली तर लोक खिडकीने शिरतात. कोविडच्या काळात, २०२१ च्या एप्रिलअखेर, लसीकरणाच्या कोविन पोर्टलची माहिती बाहेरच्या प्रोग्रामरांना अधिकृतपणे खुली झाली. लोकांनी रिकाम्या जागांची टेलिग्रामवर सूचना देणारे बॉट बांधले, शहरातली माणसे ते पाहून खेड्यातल्या केंद्रांवर लसीसाठी पोचली, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सरकारने लगाम घातला: माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकेल, एका आयपीवरून पाच मिनिटांत शंभरच विचारणा. हेतू वावगा नव्हता. ज्याच्याकडे टेलिग्राम नव्हते त्याचा हक्क जातच होता. पण पुढे काय झाले? काहींनी अधिकृत वाट सोडली आणि संकेतस्थळाच्याच मागच्या यंत्रणेला चिमटे काढायला सुरुवात केली. बाहेरचे दार अरुंद झाले की आतल्या भागावरचा ताण वाढतो, हे लक्षात घेऊनच मर्यादा ठरवावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 'बाहेरचा' म्हणजे दरवेळी मानोऱ्यातला मुलगा नसतो. सरकारी सॉफ्टवेअरमध्ये खरा बाहेरचा म्हणजे पुढचा कंत्राटदार. एका संस्थेने गणित लिहायचे, दुसरीने ॲप, तिसरीने अनुदानाचे पोर्टल, आणि तीन वर्षांनी निविदा फिरली की चौथी येते. या चौघींमध्ये कोणाची कोणाशी भेट नसते. मुदत जवळ आली की दुसरी पहिलीच्या पोटात हात घालते, कारण पत्रव्यवहार करून सार्वजनिक फंक्शन मागायला वेळ नाही. मग पहिली आपले गणित सुधारू शकत नाही, कारण हात लावला की अनुदानाचे पोर्टल फुटेल. गणित चुकीचे आहे हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी ते बदलता येत नाही. अंतर्गत पॅकेजवर बंदी हवी ती आधी या लोकांसाठी. त्या मुलाच्या ॲपने फार तर पाचशे लोक चुकतील. खात्यांनी एकमेकांत घातलेली गाठ दहा वर्षे सुटत नाही.

म्हणून पुढच्या निविदेत काही ओळी घाला, अशी विनंती आहे. ताळेबंदाचे एक लहान सार्वजनिक पॅकेज असावे, त्यात जेमतेम दहा-बारा फंक्शने, प्रत्येकाचा अर्थ मराठीत लिहिलेला: आकडा कोणत्या एककात, कोणत्या थराचा, कोणत्या दिवसाचा. मधला ओलावा जर लोकांना खरोखरच हवा असेल, तर तो चोरून घ्यावा लागू नये. त्याचे अधिकृत फंक्शन द्या आणि त्याची जबाबदारी घ्या. बाकी सगळे अंतर्गत म्हणून वेगळ्या पॅकेजात जावे. पायथॉन स्वतः अडवत नाही, पण कोणता भाग कोणाला इम्पोर्ट करू शकतो हे तपासणारी 'इम्पोर्ट लिंटर'सारखी मुक्त साधने आहेत. ती कंत्राटदारांच्या कोडवर रोज चालावीत, आणि नियम मोडला तर काम स्वीकारलेच जाऊ नये. ज्यांच्या कोडवर आपले नियंत्रण नाही अशा बाहेरच्यांसाठी गणित सर्व्हरमागे ठेवून फक्त सार्वजनिक फंक्शनांची सेवा द्यावी. कोड वाचायला उघडा, चालवायला हवा तर स्वतःच्या यंत्रावर. कृषी विभागाच्या एखाद्या यंत्रणेला खास सवलत लागेल, तर जावाच्या मॉड्यूलमध्ये असते तशी नावानिशी यादी करा. यादीबाहेरच्याला नकार, आणि यादी सर्वांना पाहता येईल अशी.

कुलूप लावण्यापूर्वी मोजदाद करा. आज कोण काय वापरतो ते विचारा. शिक्षा होणार नाही असे सांगितले तर लोक सांगतील. मग दोन खरीप हंगाम नुसती ताकीद द्या. आणि हे कलम कृपया शब्दशः ठेवा: जून ते सप्टेंबर या काळात कोणत्याही सार्वजनिक फंक्शनचे नाव, एकक किंवा अर्थ बदलणार नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांचे आर्थिक वर्ष मार्चला संपते, अपडेट मे-जूनमध्ये चढतात. आमचे वर्ष मृगाला सुरू होते.

शेवटची ओळ पदाबद्दल. सार्वजनिक पॅकेजात चूक सापडली तर ती कोणाला कळवायची, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, हे निविदेतच लिहा. त्या माणसाचे नाव नको, पद लिहा, कारण नाव बदली होऊन जाते. मंगरुळपीरच्या महाविद्यालयातल्या मुलीने पाठवलेली तक्रार आणि जागतिक बँकेच्या सल्लागाराने पाठवलेली तक्रार एकाच रांगेत, एकाच क्रमांकाने लागावी. असे पद आपल्या कार्यालयात तयार झाले, तर पहिली तक्रार माझी असेल. ती लिहून तयार आहे.

आपला,
वाशिम जिल्ह्यातील एक प्रोग्रामर